दमवू नका, रमवा

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की आमच्या कुत्र्यांच्या पाळणाघरात दुपारी एक ते तीन पडदे ओढून, पंखे लावून सगळ्या पोरांना झोपवतो. बाकीच्या लेखाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही पण या एका वाक्यावर मेल आणि व्हॉट्सॲपचा नुसता पाऊस. "आम्ही झोपायचे पैसे भरतो का" इथपासून ते "आमचा घरी डोळा मिटत नाही, तुम्ही त्याला देता तरी काय" इथपर्यंत. देत काही नाही हो, दिवे बंद करतो. असो, तर यावेळी सगळे प्रश्न पाळणाघराचेच घेतलेत. नावं छापत नाहीये, काहींनी आपल्या सध्याच्या डेकेअरबद्दल लिहिलंय, उगाच कुणाचं कुणाशी वाजायला नको.

प्रश्न : ताई, माझा लॅब (लॅब्राडोर) आहे चौदा महिन्यांचा. मी आणि मिस्टर सकाळी नऊला घोडबंदर रोडवरून निघतो ते रात्री आठलाच घरी, त्यामुळे आठवड्यातले चार दिवस तो डेकेअरला असतो. तिथून दिवसभर व्हिडिओ येतात, वीस-बावीस कुत्रे पळतायत, कुस्त्या चालल्यात, बघून वाटतं चला पैसे वसूल. पण घरी आला की झोपायचं सोडून अजूनच चेकाळतो. सोफ्याचा कोपरा फाडलाय, सासूबाईंच्या साडीला लटकतो. अजून एक दिवस वाढवू का? (ठाणे)

उत्तर : नका वाढवू, उलट एक कमी करून बघा. लग्नात दुपारची झोप चुकलेलं चार वर्षांचं पोर संध्याकाळी रिसेप्शनला काय करतं ते आठवा. स्टेजवर लोळण, आईस्क्रीम सांडणं, मग भोकाड. त्याला अजून नाचवलं तर ते शांत होतं का? तुमच्या लॅबचं तेच झालंय. मोठं कुत्रं चोवीस तासांत बारा-तेरा तास सहज झोपतं, पिल्लू तर अठरापर्यंत, आणि चौदा महिन्यांचा लॅब म्हणजे अंगाने घोडा आणि डोक्याने अजून पिल्लूच. त्याला नऊ-दहा तास सतत दंगा दिला तर तो दमत नाही, त्याचं डोकं तापतं, आणि ते उतरायला तुमचा सोफा सापडतो. शिवाय रोज तेवढंच पळवलं की दोन महिन्यांत स्टॅमिना वाढतो, मग तेवढ्याने भागत नाही, म्हणजे तुम्ही पैसे भरून घरात मॅरेथॉनवाला तयार करताय.

व्हिडिओंचं सांगते, मी पण पाठवते म्हणून सांगते, झोपलेल्या कुत्र्याच्या व्हिडिओला कुणी हार्ट देत नाही, म्हणून सगळे पळतानाचेच पाठवतात. तुम्ही एकदा दुपारी दीड वाजता फोन करून म्हणा की आत्ता या मिनिटाला काय चाललंय ते दाखवा. तेव्हाही कुस्ती चालू असेल तर दुसरी जागा बघा.

आमच्याकडे दिवस कसा जातो ते लिहिते म्हणजे तुम्हाला विचारायला मुद्दे मिळतील. नऊ ते साडेनऊ येणारे येतात, आल्या आल्या कुणालाही घोळक्यात सोडत नाही, आधी मागच्या बाजूला पट्ट्यावर पाच-दहा मिनिटं हुंगत फिरवतो, शी-शू उरकते, रिक्षातून येताना चढलेला जोश उतरतो. मग पाच-सहा जणांच्या गटात खेळ, पण सलग अर्ध्या तासाच्या वर नाही, मध्ये नावाने हाक मारून थांबवतो, पाणी, एक तुकडा गाजर, की परत सोडतो. अकरानंतर नाकाची कामं. एक ते तीन झोप, ज्याला एकटं आवडतं त्याला क्रेटमध्ये, म्हणजे त्याच्या पिंजऱ्यात, बाकीचे आपापल्या चटईवर. चारनंतर परत थोडा खेळ, आणि न्यायला यायच्या अर्धा तास आधी सगळं थंड, नाहीतर तापलेलं कुत्रं तुमच्या हातात देऊन आम्ही मोकळे, आणि तुम्ही म्हणणार वा काय फ्रेश आलाय.

नाकाच्या कामांना लोक सगळ्यात कमी लेखतात आणि मला विचाराल तर सगळा खेळ तिथेच आहे. भुर्जीपाववाल्याकडून मी अंड्याचे रिकामे पुठ्ठ्याचे ट्रे घेते, तीस खळग्यांचे. दहा-बारा खळग्यांत त्यांच्याच जेवणातले दाणे टाकायचे, सगळ्या खळग्यांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे दाबायचे आणि ट्रे जमिनीवर ठेवायचा. पहिल्या दिवशी पंजाने उलटा करतात, चालतं. चौथ्या दिवशी बघा, नाक खळग्यावर टेकवून फुसफुस करत जातात, रिकाम्याला हात लावत नाहीत, भरलेल्यातला बोळा दाताने अलगद उचलून बाजूला ठेवतात. एका बीगलला एका ट्रेला अकरा मिनिटं लागतात आणि नंतर तो स्वतःहून जाऊन लोळतो, तासभर पळवून जे होत नाही ते. पाऊस लागला आणि बाहेर काढता येत नाही तेव्हा तर यावरच दिवस निघतो, सोबत ऑनलाइन ऑर्डरचे खोके, गाठी मारलेले जुने टॉवेल, आणि दही भरून फ्रीझरमध्ये ठेवलेला काँग, म्हणजे आत खाणं भरायचं पोकळ रबरी खेळणं. हा काँग म्हणे अमेरिकेत एका माणसाचं जर्मन शेफर्ड व्हॅनच्या सुट्या भागातला रबरी तुकडा चावत बसायचं त्यावरून सुचला १९७० च्या दशकात, म्हणजे कुत्र्यांनी गॅरेज खाल्लेलं कधीकधी फळतं. फक्त एक, खाण्याचा कुठलाही खेळ एकेकट्याला, मध्ये आडोसा ठेवून. सगळ्यांना एकत्र ट्रे दिलात तर पुढचा प्रश्न मला टाक्यांबद्दल येईल.

प्रश्न : नेरूळला आमचं रो हाऊस आहे, तळमजला रिकामा. मी आणि बहीण डॉग डेकेअर काढायचं म्हणतोय. वीस-पंचवीस कुत्रे कसे सांभाळायचे, कुठली खेळणी घ्यायची, आणि कंट्रोलमध्ये कसे ठेवायचे? (नवी मुंबई)

उत्तर : दोघी आहात ना, मग पंचवीस नाही. माझा हिशोब एका माणसामागे सात-आठ, आणि तो माणूस म्हणजे मोबाईल खिशात ठेवून नुसता कुत्र्यांकडे बघणारा. लादी पुसणारा, फोन घेणारा, जेवण गरम करणारा वेगळा. आधी सहांवर सुरू करा, तीन महिन्यांनी बघा.

खेळणी कमी घ्या, खरंच. घोळक्यात मी बॉल, दोरी, हाडूक यातलं काहीच ठेवत नाही, कारण एका दोरीला सहा मालक असले की काय होतं ते सांगायला नको. खेळणी एकेकट्याच्या वेळेला. घोळक्यात खेळायला त्यांना एकमेक पुरतात, जुनी गादी, बुटका प्लायवूडचा चौथरा, कापडाचा बोगदा, उन्हाळ्यात टबात बोटभर पाणी, झालं. आणि खेळताना गळ्यातला पट्टा काढा, कुस्तीत एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो आणि दोघंही घाबरून पिळतात, ते सोडवणं फार वाईट असतं.

गट फक्त साइजवर पाडू नका. अर्थात छोटे वेगळेच, पाच किलोचा शिह त्झू चिरकत पळाला तर मोठ्या कुत्र्याला क्षणात तो मित्र न वाटता शिकार वाटू शकतो. पण एका साइजमध्येही खेळायच्या तऱ्हा असतात. कुणाला कुस्ती हवी, कुणाला पकडापकडी, कुणाला नुसतं कडेने फिरून सगळ्यांच्या बातम्या हुंगायच्या. कुस्तीवाल्यात हुंगणारा टाकला की त्याचा दिवस फुकट. लॅब आणि बॉक्सर अंगावर पडून खेळतात, त्यांना वाटतं सगळ्यांनाच ते आवडतं.

आता कंट्रोल. माझी एक चूक सांगते, त्यातून जास्त कळेल. पहिलं वर्ष होतं, जुलै महिना, संध्याकाळी साडेसहा, दिवसभर पावसामुळे कुणी बाहेर पडलेलं नव्हतं. बेल वाजली. अकराच्या अकरा दाराकडे धावले, मी पण त्यांच्या मागे, आणि दारातल्या त्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये एक म्हातारी स्पॅनियल खाली सापडली. ती ओरडली, ओरडण्याने दोघं अजून तापले, कुणी कुणाला धरलं मला कळलंच नाही, मी मूर्खासारखी पट्टा धरून ओढायला गेले आणि मनगटावर चावा बसला. तिच्या कानाला तीन टाके, माझे रेबीजच्या इंजेक्शनचे डोस, आणि तिच्या मालकीण काकू एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. दोष कुत्र्यांचा नव्हता. दाराला एकच फाटक, बेल म्हणजे धिंगाणा ही सवय मीच लावलेली, आणि दिवसभर मी त्यांना काही कामच दिलं नव्हतं.

त्यानंतर दोन फाटकं केली, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आलात की मिस्ड कॉल द्या, बेल नाही. आणि तरी कुरिअरवाला बेल वाजवतोच म्हणून मोबाईलवर बेलचा आवाज रेकॉर्ड करून रोज दोन-तीनदा हळू आवाजात वाजवायचे आणि प्रत्येकाच्या चटईवर चिकनचा तुकडा टाकायचे. बेल म्हणजे चटईवर काहीतरी पडतं. महिनाभर लागला. आता बेल वाजली की आठ कुत्रे दाराकडे पाठ करून आपापल्या चटईकडे पळतात, बघायला माणसं मुद्दाम बेल वाजवतात, मग मी चिडते.

याशिवाय रोजचं काम म्हणजे नावं. दहा जणांत "टायसन" म्हटलं की टायसननेच वळायचं. सुरुवातीला एकेकट्याला, मग दोघांत, मग गटात, हाक मारली, बघितलं, तुकडा. एकालाच पुढे बोलावून फाटकातून सोडायचं, बाकीच्यांनी थांबायचं, थांबणाऱ्यालाही तुकडा. मारामारी सोडवायला शिकण्यापेक्षा ती व्हायच्या आधी हाक ऐकू येणं स्वस्त पडतं.

आणि बघायला शिका. खेळ खरा असेल तर पुढचे पाय खाली, ढुंगण वर, तोंड सैल उघडं, उड्या वेड्यावाकड्या, आता हा वर मग तो वर, मध्येच थांबून अंग झाडणं. बिघडायला लागलं की तोंड मिटतं, अंग ताठ होतं, उड्या बंद होऊन सरळ रेषेत चाल, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, खाली सापडलेला कुत्रा सारखा ओठ चाटतो किंवा जांभया देतो. शंका आली तर वरच्याला दोन सेकंद बाजूला धरा आणि खालच्याने काय केलं ते बघा. परत त्याच्याकडे गेला, चालू द्या. सटकला, तर त्याला नको होतं. एकमेकांवर चढणं बघून लाजू नका, बहुतेक वेळा ते नुसतं डोकं तापल्याचं लक्षण असतं, मिनिटभर बाजूला घ्या. मिनिटभरच, कोंडून शिक्षा नाही. आणि झालीच मारामारी तर हात मध्ये घालायचा नाही, स्टीलचं ताट जमिनीवर आपटा, पाणी टाका, मध्ये प्लायवूडची फळी सरकवा. फळी आमच्याकडे दाराजवळ कायम उभी असते.

माजावर आलेली मादी साधारण तीन आठवडे घ्यायची नाही, कितीही गोड मालक असला तरी.

प्रश्न : आमच्या पामेरियनचा ट्रेनर म्हणतो कुत्रा गुरगुरला की त्याला उताणा पाडून दाबून धरायचं, म्हणजे त्याला कळतं अल्फा, म्हणजे कळपाचा म्होरक्या, कोण. डेकेअरवाले असं करत नाहीत म्हणून तो बिघडतोय, असं त्याचं म्हणणं. (कोपरखैरणे)

उत्तर : हे अल्फाचं खूळ कुठून आलं माहितीये? रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने पिंजऱ्यात एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवर १९४७ साली लिहिलं, एकमेकांना न ओळखणारे लांडगे कोंडलेले, भांडणारच. पुढे डेव्हिड मेच यांनी ती कल्पना लोकांपर्यंत नेली, आणि त्यांनीच रानातले लांडगे वर्षानुवर्षं बघून १९९९ साली लिहिलं की मोकळा कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पोरं, अल्फा वगैरे शब्द तिथे बसत नाही. लांडग्यांचंच असं, तर तुमच्या पामेरियनला कुठून लावताय.

गुरगुरणं म्हणजे कुत्रा सांगतोय, मला हे नको. ते दाबून बंद केलं तर तो पुढच्या वेळी न सांगता चावेल. तो कशावर गुरगुरतो ते डेकेअरवाल्यांना विचारा, आणि ट्रेनर बदला.

प्रश्न : येऊरच्या पायथ्याला सापडलेली आमची देशी मुलगी, आता तीन वर्षांची. डेकेअरला महिना झाला, पण ती कोपऱ्यात बसून असते, कुणाशी खेळत नाही. सवय होईल का? (वर्तकनगर)

उत्तर : कोपऱ्यात बसून आरामात बघत असेल, बोलावलं की येत असेल, खात असेल, तर तिला तेवढंच हवंय, सगळ्यांनीच गरबा खेळायला पाहिजे असं नाही. पण शेपूट आत, खात नाही, सकाळी तुमच्या रिक्षात चढायला नको म्हणते, तर महिना भरपूर झाला, थांबवा. तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला जे भेटतं ते पुढे आयुष्यभर ओळखीचं वाटतं, त्या वयात तुमच्या मुलीने बंद खोलीतले पंधरा अनोळखी कुत्रे पाहिले नसणार. तिच्यासाठी दुपारी येऊन अर्धा तास फिरवणारं कुणीतरी शोधा. मी स्वतः पाचातल्या एकाला तरी नाही म्हणून परत पाठवते, धंद्याचं नुकसान करून.

प्रश्न : पावसाळ्यात डेकेअरला पाठवणं सेफ आहे का? गेल्या वर्षी खोकला घेऊन आला आणि वर गोचिडी. (ऐरोली)

उत्तर : ज्या जागी लसीचं कार्ड न बघता घेतात तिथे नाही, कुठल्याच ऋतूत. रेबीज, डिस्टेंपर-पार्व्होची एकत्र लस ही तर हवीच, वर पावसाळ्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) आणि केनेल कफची, म्हणजे एकमेकांकडून लागणाऱ्या खोकल्याची, वेगळी विचारा तुमच्या व्हेटना, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांना. लेप्टो उंदराच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो, २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत माणसांनाच त्याची साथ आली होती ते आठवत असेल, कुत्र्यांनाही तोच होतो आणि त्यांच्याकडून आपल्यालाही येऊ शकतो. म्हणून पाऊस असला की डबक्यातून नेऊ नका आणि आल्यावर पाय कोरडे करा. खोकणारा कुत्रा, घशात काहीतरी अडकल्यासारखा खाकरणारा, त्याला घरीच ठेवा, बऱ्याचदा आपोआप बरा होतो पण तोपर्यंत दहा जणांना देतो. लस घेतली तरी सौम्य होऊ शकतो, त्यासाठी डेकेअरला शिव्या घालू नका.

गोचिडीचं मात्र डेकेअरचं आणि तुमचं अर्धं अर्धं. आमच्याकडे आत घ्यायच्या आधी हात फिरवतो, कानाच्या आतली घडी, काखा, बोटांच्या बेचक्या, शेपटीच्या खाली. एक गोचीड मिळाली तर त्या दिवशी घरी परत. ताप, खायला नको, हिरड्या पांढुरक्या दिसतायत असं काही असेल तर घरगुती काढे नकोत, त्याच दिवशी रक्त तपासा, टिक फीव्हरमध्ये, म्हणजे गोचिडीमुळे येणाऱ्या तापात, प्लेटलेट झपाझप खाली येतात. आणि लादी पुसायला फिनाईल नका वापरू देऊ, ते पंजाला लागतं आणि कुत्रे पंजे चाटतात.

प्रश्न : आमच्या पगला मे महिन्यात पण दुपारी खेळवतात, धापा टाकत येतो. ठीक आहे का? (खारघर)

उत्तर : नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच गार होतो आणि आपल्या दमट हवेत ते नीट होत नाही, त्यात चपट्या नाकाचा. मार्च ते जून पग, शिह त्झू, बुलडॉग यांना सकाळी आठच्या आत नाहीतर एसीत, नाहीतर नाही. धाप थांबत नसेल, जीभ गडद लाल झाली, झोकांड्या जायला लागल्या तर साधं पाणी अंगावर, पोटाखाली आणि पायांवर ओतत, पंख्यासमोर धरत सरळ व्हेट. कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल, १०४ च्या वर गेलं की वाट बघायची नसते.

प्रश्न : सोसायटीत फ्लॅटमध्येच चार-पाच कुत्रे ठेवते, भुंकण्यावरून कमिटीची नोटीस आलीय. कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही ना? (वाशी)

उत्तर : सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही असं सांगणारं प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक तुम्ही वाचलेलं दिसतंय, पण ते पाळीव कुत्रा ठेवणाऱ्याला लागू, फ्लॅटमधल्या धंद्याला नाही, दोन्ही एकत्र करू नका. कायदा बाजूला ठेवून सांगते, बहुतेक भुंकणं खिडकीतून आणि ग्रीलमधून दिसणाऱ्या गोष्टींवर असतं. खालच्या तीन फुटांना दुधी रंगाची फिल्म चिकटवा, लिफ्टच्या बाजूच्या भिंतीला कपाट आणि जाड चादर लावा, कुकरच्या शिट्टीला आणि लिफ्टच्या टिंगला वर सांगितलेली चटईची ट्रिक करा. आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना एकदा चहाला बोलवून कुत्रे दाखवा, माझे काका आता दुपारी स्वतःहून उकडलेलं अंडं घेऊन येतात.

प्रश्न : दिवाळीत चार दिवस गावाला जातोय, तुमच्यासारख्या ठिकाणी पहिल्यांदाच रात्री ठेवणार. सोबत काय द्यायचं? (पाचपाखाडी)

उत्तर : आधी दोन-तीन दिवस नुसतं दिवसा पाठवा, एकदा एक रात्र ठेवून बघा, मग चार दिवस. फटाक्याला घाबरत असेल तर आत्ताच सांगा, ऐनवेळी नको, औषध लागलं तर व्हेटना विचारून आधी घरी देऊन बघावं लागतं. त्याचंच खाणं, दिवसाचं वेगवेगळं बांधून, कारण खाणं बदललं की जुलाब. गळ्यात तुमचा नंबर लिहिलेला पट्टा. आणि तुमचा घातलेला टी-शर्ट, घामाचा, न धुतलेला. हे दोनदा लिहून पाठवते मी सगळ्यांना, तरी मागच्या दिवाळीत एका ताईंनी धुऊन, इस्त्री करून, पिशवीत घालून दिला होता.